इटलीतल्या प्रजासत्ताक विचारावर एकच पुस्तक घ्यायचंय, कुठलं घेऊ? (बजेट ७००)

सईबाई:
मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. विषय घेतलाय इटलीतली जुनी शहर-राज्यं, त्यांचा कारभार आणि तिथे नागरिक नेमकं कुणाला म्हणायचे. सोळाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या मॅकियाव्हेलीचं 'द प्रिन्स' वाचून झालंय, पण त्यात सगळे सल्ले राजाला, नागरिक जवळपास गायबच. मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर सोप्पं इंग्रजी चालेल. ७०० च्या वर जाणार नाही आणि ठोकळे नकोत प्लीज.

ग्रंथकीटक:
इंग्रज इतिहासकार क्वेंटिन स्किनरच्या 'द फाउंडेशन्स ऑफ मॉडर्न पॉलिटिकल थॉट'चे १९७८ चे दोन खंड. विषय संपला. बजेट वगैरे विसरा, मी दोन्ही करकरीत नवे घेतले आणि आजतागायत पश्चात्ताप नाही. मॅकियाव्हेलीच्या दोनशे वर्षं आधी पादुआ शहरातला विचारवंत मार्सिलियो लिहून गेलाय (१३२४) की कायदा करायचा हक्क नागरिकांच्या समूहाचा, पोपने त्यात पडू नये. हे असलं सगळं पहिल्या खंडात सापडतं.

मिलानवासी:
नागरिकत्वाचं विचारताय तर आधीच सांगतो, इथे इटलीत आपल्यासारख्यांना १० वर्षं सलग राहायला लागतं, मग अर्ज, मग ऑफिसवाले आज या उद्या या करतात, माझी फाईल कुठे आहे ते देवालाच ठाऊक. जून २०२५ मध्ये १० ची ५ वर्षं करायला सार्वमत झालं, पण जेमतेम ३० टक्के लोक मतदानाला आले, ५० टक्के लागतात, सगळं मुसळ केरात.

सईबाई:
अहो दादा, पासपोर्ट नकोय मला, पुस्तक हवंय 😀

बखरकार:
दादांचं तितकं अवांतर नाहीये. व्हेनिसमध्ये १३०५ च्या कायद्याने बाहेरच्या माणसाला समुद्रापारच्या व्यापाराचे पूर्ण हक्क मिळायला २५ वर्षं राहावं लागायचं, म्हणजे दादा स्वस्तात सुटले. त्याच शतकात बार्तोलस नावाचा कायदेपंडित म्हणत होता की शहर आपल्या कायद्याने नागरिक घडवू शकतं, जन्मच लागतो असं नाही. पुस्तकाचं म्हणाल तर मॅकियाव्हेलीचंच 'डिस्कोर्सेस', पेंग्विनची आवृत्ती बजेटात बसावी. प्राचीन रोममध्ये सामान्य लोक आणि उमराव सतत भांडायचे म्हणूनच रोम स्वतंत्र राहिलं, असं तो सरळ म्हणतो.

टवाळ_कार्टं:
+१ डिस्कोर्सेस. (मी अर्ध्यात सोडलंय, पण जेवढं वाचलं तेवढं भारी.) फ्लॉरेन्सचा तेव्हाचा कारभार मला जाम आवडतो. वरचं मंडळ नऊ जणांचं, मुदत फक्त दोन महिने, नावं थैलीतल्या चिठ्ठ्या काढून ठरायची आणि नाव निघालं तरी कर थकलेला असला की माणूस बाद! हा नियम आमच्या सोसायटीत आणा, कमिटीच उरणार नाही.

मोकळा_श्वास:
उदो उदो जरा आवरा. थैलीत नाव जायला आधी व्यापारी-कारागिरांच्या संघात असावं लागायचं. लोकर पिंजणारे-विंचरणारे मजूर बाहेरच. १३७८ ला त्यांनी उठाव करून सत्ता घेतली, काही आठवड्यांत ती गेली आणि त्यांचा नवा संघही मोडून टाकला. बायकांना तर देशपातळीवर मत २ जून १९४६ ला मिळालं, ज्या दिवशी इटलीने राजाला घरी पाठवलं.

बखरकार:
हे मी वेगळ्या शब्दांत सांगणारच होतो.

नाशिककर:
मराठी हवंय ना? सावरकरांनी मॅझिनीचं, म्हणजे इटली एक करायला झटलेल्या प्रजासत्ताकवादी क्रांतिकारकाचं, आत्मचरित्र मराठीत आणलं, १९०७ साली, आणि सरकारने जप्त केलं. गांधींनीही 'हिंद स्वराज'मध्ये मॅझिनीवर लिहिलंय, म्हणजे दोन्ही बाजूंना तो हवा होता. मॅझिनी म्हणजे १८४९ मध्ये रोममध्ये काही महिने टिकलेल्या प्रजासत्ताकाच्या तिघा कारभाऱ्यांतला एक, आणि १८७२ मध्ये एकसंध इटलीत, पिसाला, ब्राउन असं खोटं नाव लावून राहत असताना मेला. कारण देश एक झाला पण राजा तसाच होता. लायब्ररीत मिळतं, फुकट.

टवाळ_कार्टं:
आला सावरकर-गांधी. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

भटकभवानी:
पुस्तकं कसली घेताय, सिएनाला जा! टाऊन हॉलच्या भिंतीवर लोरेन्झेत्ती या चित्रकाराची १३३८-३९ ची चित्रं आहेत, चांगला कारभार आणि वाईट कारभार यांवरची. न्यायदेवतेच्या तराजूतून दोऱ्या निघतात, एकोप्याच्या देवीच्या हातून २४ नागरिकांकडे जातात आणि ते सगळे ती दोरी धरून रांगेत उभे. देवीच्या मांडीवर चक्क सुताराचा रंधा, सगळ्यांना एका पातळीत आणायला. जुलमी राजवटीच्या बाजूला फूट पाडणारी बाई करवतीने स्वतःलाच कापतेय. मी तिथे ढसाढसा रडले.

ग्रंथकीटक:
यावर स्किनरनेच मोठा निबंध लिहिलाय, म्हणून म्हणतोय स्किनर घ्या. फक्त ग्विचार्दिनीच्या, म्हणजे मॅकियाव्हेलीच्या फ्लॉरेन्सवाल्या मित्राच्या, नादी लागू नका. जन्मभर पोप आणि मेदिचींची (फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणारं घराणं) चाकरी केली आणि मॅकियाव्हेलीला टोमणे मारले की ऊठसूट रोमचे दाखले कसले देतोस, आपलं शहर तसं आहे का.

सईबाई:
सगळ्यांचे आभार. ग्विचार्दिनीची सुटी टिपणं मागवली 🙈 जुनी प्रत ३५० ला मिळाली, पातळ आहे. कट्ट्यावर सगळे रोमचं कौतुकच ऐकायला येणार, तिथे आतल्या गोटातला असा तिरकस माणूस मला जास्त उपयोगी. मॅझिनी लायब्ररीतून आणते.

ग्रंथकीटक:
मग विचारलंत कशाला?

जुना_बाजार:
माझ्याकडे स्किनरचा दुसरा खंड पडलाय, ४०० ला देतो. पहिला नाहीये.