डाळिंबाच्या मातृवृक्षात तेल्या लपलाय का? डीएनए तपासणीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी सांगोल्याकडची, वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी करते. घरी भगवा या डाळिंबाच्या जातीची बाग आहे. गावातल्या काहींना आमच्या झाडांवरून गुट्या (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेली कलमं) हव्यात. मातृवृक्ष, म्हणजे कलमं ज्यावरून घेतात ते झाड, तपासल्याशिवाय एकही गुटी बाहेर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. निरोगी दिसणाऱ्या कलमातूनही तेल्या, हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग, नव्या बागेत जातो. तेलकट डाग नंतर, दमट ढगाळ हवेत उमटतात.

डाग नसलेल्या पानांतून पिवळ्या, चिकट वसाहती मिळाल्या. 16एस (जिवाणू ओळखायचं नेहमीचं जनुक) सिक्वेन्सिंगचं उत्तर 'झँथोमोनास', बस्स. बांधापलीकडच्या कागदी लिंबावर खैऱ्या (कँकर रोग) आहे. त्याचा आणि तेल्याचा जिवाणू आता एकाच प्रजातीत, झँथोमोनास सिट्रीत, धरतात. फक्त पॅथोव्हार (कोणत्या झाडाला रोग करतो त्यावरून पाडलेला उपप्रकार) वेगळे. मग माझ्याकडचा नक्की कोणता, हे कसं ठरवू?

शिवाय वसाहतीवर चालणारा पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) पानातून थेट काढलेल्या डीएनएवर चालत नाही. आणि बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या) फवारणीने मेलेले जिवाणूही बँड, म्हणजे पीसीआरमध्ये 'आहे' सांगणारी रेघ, देतील ना?

प्रतिसाद

ताई, 16एस इथे कामाचं नाही, या वंशात ते फारच सारखं असतं. जायर-बी जनुक घ्या. तेल्यासाठी आपल्याकडे त्यावर खास प्रायमर (पीसीआरला नेमका तुकडा दाखवणारे डीएनएचे छोटे धागे) तयार झालेले आहेत. जोडीला आरपीओ-डी आणि डीएनए-के या जनुकांचं सिक्वेन्सिंग केलंत तर वंशवृक्ष भक्कम होईल. पूर्ण जीनोम केला तरी 95-96% साम्याची रेघ प्रजाती ठरवते, पॅथोव्हार नाही. तो यजमानावरून ठरतो. म्हणून तीच वसाहत डाळिंबाच्या आणि लिंबाच्या निरोगी पानांवर टोचा, डाग आला तर त्यातून जिवाणू परत वेगळा करून जायर-बी पुन्हा वाचा. ही पायरी कृपा करून गाळू नका.

डाळिंबाच्या पानात टॅनिन भरपूर, ते पीसीआर अडवतं. सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारा पदार्थ) घाला, डीएनए दहापट पातळ करून बघा. पानाच्या डीएनएच्या एका नळीत मुद्दाम शुद्ध वसाहतीचा डीएनए मिसळा. तिथेही बँड नसेल तर ते 'निगेटिव्ह' खोटं.

मेलेल्यांसाठी पीएमए रंग वापरतात. तो फाटक्या पेशीतच शिरतो आणि प्रकाश दिला की डीएनएला चिकटतो, मग पीसीआरमध्ये त्या डीएनएच्या प्रती निघत नाहीत. डीएनए काढण्याआधी, पानांच्या धुवणावर करा.

धागाकर्ती

मनापासून आभार, सर. नळीचा प्रयोग आधी करते. एक राहिलं: जिवाणू झाडात सगळीकडे सारखा नसणार, तर नमुना गुटी बांधायच्या फांदीचाच घ्यावा की सगळ्या बाजूंचा एकत्र?

प्रतिसाद

गुटीच्या फांदीचा स्वतंत्र, बाकी झाडाचा एकत्र. एकत्र नमुना पॉझिटिव्ह आला तर त्या झाडाची एकही गुटी देऊ नका, फांदी स्वच्छ निघाली तरी.