पंखा ढकलल्याशिवाय फिरत नाही

ए-१०३: जिन्यातली जाळी काढायची लांब काठी कोणी नेली आहे का? चार दिवस शोधतेय.

बी-४०२: नमस्कार मंडळी. हॉलमधला पंखा बटण दाबलं की नुसता गुणगुणतो. ढकलला की सुरू होतो, तोही रमतगमत. दुरुस्तीवाला खालूनच बघून म्हणाला, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलं, नवीन घ्या. घेऊ का?

सी-२०१: घेऊन टाका. जुन्यात जीव अडकवू नका.

ए-५०४: थांबा हो. बंद असताना पाती हाताने फिरवून बघितलीत? अडकतात की मोकळी फिरतात?

बी-४०२: मोकळी आहेत, काका.

ए-५०४: म्हणजे बेअरिंग ठीक. जळकट वास?

बी-४०२: अजिबात नाही. पण एक गंमत झाली. काल चुकून उलट्या बाजूने ढकलला, तर तो उलटाच फिरत राहिला! सगळा वारा छताला.

ए-५०४: मग ताई, निदान तुम्हीच केलंत. मोटर बहुतेक बरी आहे, कंडेन्सर गेलाय, म्हणजे वीज साठवून सोडणारा तो छोटा डबा. या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात. एकातला प्रवाह दुसऱ्याच्या पुढे धावावा म्हणून एका वाइंडिंगला कंडेन्सर जोडतात. त्या मागेपुढे होण्यामुळेच चुंबकक्षेत्र गोल फिरतं आणि पंख्याला आपली बाजू कळते. कंडेन्सर गेला की ते जागच्या जागी धडपडतं. मग तुम्ही ढकलाल ती त्याची दिशा.

बी-६०१: पण कंडेन्सर असा बसल्या बसल्या जातो कसा?

ए-५०४: एका दिवसात नाही जात. आत प्लास्टिकची पातळ फिल्म असते, तिच्यावर धातूचा मुलामा. फिल्मला कुठे बारीक छिद्र पडलं की तिथला मुलामा उडून जातो आणि शॉर्ट आपोआप तुटतो. सोय झकास, पण दर वेळी थोडी क्षमता जाते. म्हणून पंखा आधी हळूहळू मंदावतो आणि आपण महिनोन्महिने रेग्युलेटरला शिव्या घालतो.

बी-६०१: मग क्षमता २.५ मायक्रोफॅरड असेल तिथे ४ चा घातला तर सुसाट?

ए-५०४: सुसाट नाही, गरम. वाइंडिंगमधून जास्त प्रवाह जाईल आणि दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं ठरेल. जुन्यावर छापलंय तेच आणायचं, मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्टेज कमी नको.

बी-४०२: मी स्वतः बदलू का? शिडी आहे घरात.

ए-५०४: भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणून चढू नका. कोणी बटण न्यूट्रलमध्ये जोडून ठेवलं असेल तर पंखा बंद दिसतो आणि वायर मात्र जिवंत. मेन पाडा. कंडेन्सरच्या टोकांनाही हात लावायचा नाही, आत चार्ज उरलेला असू शकतो. राहू द्या, संध्याकाळी मीच मीटर घेऊन येतो. तुम्ही फक्त शिडी धरा. आणि जुना फेकू नका, मला तो मोजायचाय.

सी-२०१: काका, येताच आहात तर आमचा मायक्रोवेव्हपण उघडून बघा ना. प्लेट फिरते, गरम काही होत नाही.

ए-५०४: तो नाही. त्यातल्या कंडेन्सरवर २,००० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. तिथे माझा हात जात नाही, तुमचाही जाऊ देऊ नका.

बी-३०२: आमच्या चिरंजीवांनी एलईडीचं किट जोडलंय. दिवे लागतात, बोर्ड हलवला की विझतात. फोटो टाकलाय.

ए-५०४: खालच्या ओळीतला सोल्डरचा तिसरा टाका मोठा करून बघा. मण्यासारखा गोल, मळकट, आणि पायाभोवती केसाएवढी रेघ. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका. त्याने सोल्डर गनच्या टोकावर वितळवून वरून थेंब सोडलाय. आधी पाय आणि पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) दोन्ही तापवायचे, एक-दोन सेकंद, आणि सोल्डर त्यांना लावायचं, टोकाला नाही. मग ते आपणहून पसरतं, पायाशी डोंगराच्या उतारासारखं. बाकी टाके छान आहेत, सांगा त्याला. माझे पहिले टाके बघितले असते तर तुम्ही मला घरात घेतलं नसतं.

बी-३०२: तो म्हणतोय, तो टाका घालताना तूच घाई केलीस म्हणून. म्हणजे मी जेवणाला हाका मारत होते.

ए-१०३: काठीचं काही कळलं का?

ए-५०४: जुना कंडेन्सर मोजला. छापलंय २.५, मीटर दाखवतंय ०.३.

बी-४०२: पंखा पहिल्यासारखा! रेग्युलेटर पाचवर नेला तर टेबलावरचे कागद उडाले. काका, खूप आभार.

बी-६०१: ताई, इतके दिवस तुम्ही तो ढकलत कशाने होतात? छत तर चांगलं उंच आहे.

ए-१०३: ताई...

बी-४०२: आणते खाली.