लायसन्सला परवाना म्हणावं, अनुज्ञप्ती की मक्ता?

धंतोलीकर: टेट्रिसच्या कोर्टकज्ज्यावर मराठीत लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी हा व्हिडिओ गेम बनवला. परदेशी हक्क विकायचं काम एलोर्ग या सोव्हिएत सरकारी संस्थेकडे. सॉफ्टवेअरचे हक्क विकणाऱ्या रॉबर्ट स्टाइननं एलोर्गशी करारावर सही व्हायच्या आधीच मिररसॉफ्ट या ब्रिटिश कंपनीला हक्क दिले. पुढे सही झाली तीही फक्त कॉम्प्युटरपुरती. मिररसॉफ्टनं अटारी गेम्स या अमेरिकन कंपनीला दिले, आणि त्यांच्या टेंगेन या कंपनीनं थेट निन्टेंडोच्या गेम खेळायच्या मशीनवर चालणारी कॅसेट काढली. मी सगळीकडे 'परवाना' लिहिलं. शेजारचे वकीलकाका म्हणाले, परवाना सरकार देतं, बंदुकीचा नाहीतर दारूचा. इथे 'अनुज्ञप्ती' लिही. आणि एकानं दुसऱ्याला पुढे दिलं त्याला काय म्हणू? 'उपअनुज्ञप्ती' माझ्याच्यानं उच्चारवत नाही.

इतवारी_जुनी: अनुज्ञप्ती बोलतं कोण? आरटीओबाहेर उभे राहा, 'लायसन काढलं का' एवढंच ऐकू येईल. परवाना फारसी आहे आणि फारसीत पतंगालाही परवानाच म्हणतात. दिव्याकडे झेपावणारा पतंग आणि हुकूम घेऊन धावणारा जासूद, मूळ कल्पना एकच असावी असं मला फार वर्षांपासून वाटतं.

संस्कृतप्रेमी: विज्ञप्ती चालते, मग अनुज्ञप्तीच का टोचते? धातू एकच. 'महापौर' सावरकरांनी दिला, आज कोणाला जड वाटतो? डॉ. रघुवीरांनी आपल्याच नागपुरात बसून हजारो शब्द घडवले. वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

वावरातली: दादा, आमच्याकडे मक्त्यानं वावर देतात. बाबांनी उमरेडकडचं तीन एकर दिलं होतं. बोली अशी की सोयाबीन पेरा, धुऱ्यावरच्या झाडांना हात लावायचा नाही. त्या माणसानं ते परस्पर तिसऱ्याला दिलं आणि तिसऱ्यानं दोन बाभळी तोडून नेल्या. मी बाबांसोबत गेले होते, बुंधे अजून ओले होते. बाबा त्याला एवढंच म्हणाले, "जे त्याच्यापाशीच नव्हतं, ते त्यानं तुले देलं कसं?" टेंगेनचं हेच झालं ना? आणि 'उप' कशाला हवं? पोटभाडेकरू, पोटकूळ, पोटठेकेदार हे आपण रोज म्हणतो. पोटपरवाना लिहा.

धंतोलीकर: ताई, पोटपरवाना! हाच हवा होता. तुमच्या बाबांसारखीच अट एलोर्गच्या बेलिकोव यांनी १९८९ मध्ये स्टाइनच्या करारात घातली. कॉम्प्युटर म्हणजे प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं यंत्र. टीव्हीला जोडायची निन्टेंडोची पेटी त्यात बसेना. त्याच जूनमध्ये न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी टेंगेनची विक्री थांबवली. अख्खा खटला एका शब्दाच्या अर्थावर फिरला.

काळाकोट: पोटपरवाना मान्य, मक्ता नाही. मक्त्यात ताबा जातो. लायसन्समध्ये मालक तेच दहा जणांना वापरायला देऊ शकतो. वावर दहा जणांना देऊन पाहा. आणि व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, यात मिसळू नका, तो निराळा हक्क. निन्टेंडोच्या 'डाँकी काँग' या गेमवरून युनिव्हर्सल या सिनेमा कंपनीनं निन्टेंडोला कोर्टात खेचलं ते 'किंग काँग' नावाच्या मालकीसाठी. १९८३ मध्ये युनिव्हर्सल हरलं. 'किंग काँग'ची कथा सर्वांना खुली आहे, हे आधीच्या एका खटल्यात युनिव्हर्सलनंच मांडलं होतं.

इतवारी_जुनी: व्यापारचिन्ह तरी कशाला? 'छाप' आहे की. आजीला अक्षरओळख नव्हती, पण काडीपेटी मोर छापच घ्यायची. दुकानदारानं दुसरी दिली तर चित्रावर बोट ठेवून परत करायची.

संस्कृतप्रेमी: छाप चित्राची. 'किंग काँग' हे नाव आहे.

काळाकोट: १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात नाव, अक्षर, आकडा, मालाचा आकारसुद्धा चिन्हात येतो.

इतवारी_जुनी: मग आकार छापेत येतो, तर नाव का येऊ नये?

सीताबर्डी_९५: वर कोणीतरी 'कॅसेट' लिहिलंय. पुण्याचा माझा मावसभाऊ त्याला 'चिप' म्हणायचा आणि आम्हाला चुकीचं ठरवायचा. आत फीत नाही तर कॅसेट कशी, हे त्याचं म्हणणं. बाकीच्यांकडे काय म्हणत?

वावरातली: उमरेडला कॅसेटच. चालली नाही तर फुंकर मारून परत लावायची.

संस्कृतप्रेमी: नागपुरातल्या महाल भागात 'पट्टी' ऐकलंय. कॅसेटपेक्षा मला तो बरा वाटतो.

सीताबर्डी_९५: पट्टी? मी महालातच वाढलो, कधी ऐकला नाही. कोणत्या गल्लीत?