मदत हवी आहे : आप्पांच्या न्यूज चॅनलवर उतारा पाहिजे, गाण्याच्या डॉक्युमेंटरी सुचवा (निवेदक कमी बोलणाऱ्या)

राम राम मंडळी,

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आमचे आप्पा म्हणजे वडील, उद्यमबागेतल्या मशीन शॉपमधनं रिटायर झाले आणि तेव्हापासनं सकाळच्या चहापासनं रात्रीच्या भाकरीपर्यंत न्यूज चॅनल लावून बसालेत. मराठी झालं की कन्नड, कन्नड झालं की परत मराठी, दोन्ही भाषा पक्क्या येतात त्यामुळं एकच बातमी दोन्हीकडनं उलटसुलट ऐकतात आणि मग दोघांनाही सारख्याच शिव्या घालतात. डॉक्टरांनी बीपीच्या गोळीचा डोस वाढवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले गोळीपेक्षा टीव्हीचं काहीतरी बघा.

इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासनं सुप्रीम कोर्टात पडलाय, तो काय रोज हलत नाही, खरं १ नोव्हेंबरचा काळा दिन (कर्नाटक राज्योत्सवादिवशी इथली मराठी माणसं निषेध म्हणून पाळतात तो) आला की किंवा डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की चॅनलवाल्यांची सुगी. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या बस कंडक्टरच्या मारहाण प्रकरणानंतर दोन्हीकडच्या गाड्या खरंच बंद झाल्या होत्या, लोकांचे हाल झाले, ती बातमी द्यायलाच पाहिजे होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. खरं एरवीचं काय? मध्ये एकदा "बेळगावात तणाव" म्हणून लाल पट्टी फिरत होती, क्लिप तीच जुनी, बसला काळं फासतानाची, आणि नेमकी त्याच वेळी आत्या कोल्हापूरच्या गाडीनं येऊन दारात चपला काढत होती. तर आप्पा तिलाच विचारालेत, तू आलीस कशी गं, गाड्या बंद आहेत की!

आता मूळ मुद्दा. आप्पा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आता बोटं आखडलीत म्हणून बंद केलं, कान मात्र अजून तिखट आहे. आमच्या लहानपणी घरात रेडिओ एकच, मराठीसाठी सांगली केंद्र आणि गाण्यासाठी धारवाड, शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला की आम्ही कुजबुजलो तरी मार खायचो. तर मला वाटलं बातम्यांच्या जागी गाणाऱ्यांच्या डॉक्युमेंटरी लावून देऊ, माणसांच्या गोष्टी पण बघायला मिळतील आणि गाणं पण.

ते काही जमलं नाही बघा. त्यांची तक्रार अशी की ह्या लोकांना गाणं दाखवायचं असतं खरं ऐकू द्यायचं नसतं. विलंबित म्हणजे सावकाश लयीतला ख्याल सुरू होतो, आप्पा मांडीवर ताल धरतात, तालाचं आवर्तन भरत भरत समेजवळ म्हणजे पहिल्या मात्रेजवळ येतं आणि तिथंच निवेदक तोंड घालतो, "पंडितजींचा जन्म एका छोट्याशा गावात झाला". पुढं मग ड्रोनमधनं किल्ला, तंबोऱ्यावरचं बोट स्लो मोशनमध्ये, पुस्तकांच्या कपाटासमोर बसलेले कोणीतरी सांगतात की हे गाणं किती थोर होतं. अहो मग लावा की ते गाणं! आप्पांनी रिमोट उचलला आणि गेले परत लाल पट्टीवर. मला त्यांचं पटतं. चॅनलवाला अँकर पाहुण्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही आणि हे तान पुरी होऊ देत नाहीत, सवय दोघांची एकच.

थोडं विषयांतर करतो. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या काँग्रेस अधिवेशनाची शंभरी झाली, गांधीजी अध्यक्ष होते ते १९२४ चं. शहरभर लायटिंग, कटआउट. आम्ही घरात जेवढं बघितलं त्यात कोण नेते आले, कोण कुणाशेजारी बसले, जेवणात काय होतं हे सगळं आलं. त्याच अधिवेशनात गायिका गंगूबाई हनगल लहान मुलगी असताना गांधीजींसमोर गायल्या होत्या ते काही आमच्या कानावर पडलं नाही. गायक कुमार गंधर्व तर त्याच वर्षी, १९२४ च्या, एप्रिलमध्ये इथल्याच सुळेभावीत जन्मले, म्हणजे त्यांची पण शंभरी. जिल्ह्यातल्या माणसाला अर्धा तास द्यायला काय हरकत होती?

तर मदत अशी हवी आहे :

गाणं सलग ऐकू देणाऱ्या डॉक्युमेंटरी आहेत का? मराठी, कन्नड, हिंदी कुठलीही चालेल, इंग्रजी निवेदन नको. आणि त्या आप्पांना स्वतः लावता आल्या पाहिजेत. टीव्ही जुना आहे, एचडीएमआय आहे, खरं मोबाईलवरनं कास्ट वगैरे त्यांना जमणार नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षरं दिसत नाहीत. मी दिवसभर दुकानात असतो. न्यूज चॅनल पॅकमधनं काढून टाका असं कृपया सुचवू नका, ते केबलवाल्याला स्वतः फोन करतात.

प्रतिसाद १ (धारवाडी पेढा)
तुमच्या आप्पांना माझा नमस्कार सांगा, निवेदकाबद्दल शंभर टक्के बरोबर. मणी कौल यांची 'ध्रुपद' लावून द्या, १९८२ ची, फिल्म्स डिव्हिजनची. त्यात झिया मोहिउद्दीन डागर आणि फरीदुद्दीन डागर आहेत, कॅमेरा हलतो तो सुद्धा आलापासारखा सावकाश, गाण्यावर कोणी बोलत बसत नाही. जब्बार पटेलांची कुमार गंधर्वांवरची 'हंस अकेला' आणि नंदन कुड्याडींची गायक मल्लिकार्जुन मन्सूरांवरची 'रसयात्रा' पण बघा. ह्यात माणसं बोलतात, पण ती ऐकण्यासारखं बोलतात. कुमारांना टीबी झाला, एक फुफ्फुस कामातनं गेलं आणि मग देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली, हे कळल्यावर त्यांचे ते छोटे छोटे तुकडे वेगळेच ऐकू येतात. ही माहिती गाण्याच्या मध्ये नको, आधी पाहिजे, एवढाच फरक.

प्रतिसाद २ (निपाणीकर)
डॉक्युमेंटरीचा हट्ट कशाला? प्रसार भारती अर्काइव्ह्जचं यूट्यूब चॅनल आहे, त्यावर दूरदर्शनची जुनी रेकॉर्डिंग आहेत, एक माणूस बसून गातोय, बास. टीव्हीच्या एचडीएमआयला यूट्यूब चालवणारी स्टिक लावा, एक प्लेलिस्ट करून द्या, रिमोटमधला माईक दाबून "आप्पांचं गाणं" म्हटलं की यायला पाहिजे असं नाव द्या. आमच्या आईला जमतंय. नुसतं ऐकायचं असेल तर आकाशवाणीचं 'रागम्' चोवीस तास शास्त्रीय लावतं, न्यूजऑनएआयआर अॅपवर मिळतं. अॅपच्या नावात न्यूज आहे ते आप्पांना सांगू नका.

प्रतिसाद ३ (कृष्णाकाठ)
सलग, सलग काय लावलंय, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी तीन मिनिटांच्या तबकडीत बसली होती की! तोडणारा कोण आहे त्यावर असतं. दुसरं म्हणजे आप्पा मशीन शॉपचे, त्यांना एक दिवस रेल्वेनं मिरजेला आणा. इथं तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज गुंजायला लावताना बघू देत. घोडी (तारा टेकतात ती पट्टी) कानसीनं घासायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायची, मायक्रोमीटर नाही न काही नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा चॅनलवाले आले होते, तेवढ्यापुरते.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. स्टिक घेतली. 'ध्रुपद'ला पहिली दहा मिनिटं आप्पा म्हणाले हा गायला कधी लागणार, मग गप्प झाले, मध्ये आई जेवायला बोलवायला आली तर तिलाच हातानं थांबवलं. संध्याकाळी सातला मात्र न्यूज लागलीच. मिरजेचं सांगितल्यावर पहिला प्रश्न, कानस कितव्या नंबरची वापरतात? @कृष्णाकाठ, विचारून सांगा की. आणि रविवारी तिथले वाद्यांचे कारखाने उघडे असतात का? वडगावातनं सकाळी निघून रात्री परत यायचं आहे, गुडघ्यामुळं जिने चढवत नाहीत त्यांना.