जर्मनमधलं 'या' आणि 'येतो' : तुमचे अनुभव लिहा

म्युनिकला येऊन दोन वर्षं झाली. पुण्यात क्लासला भेटल्यावरचं गुटन टाग आणि निरोपाचं आउफ विडरझेएन घोटून घेतलं होतं, इथे पहिल्याच सकाळी बेकरीत नमस्कार म्हणून 'ग्र्युस गॉट' कानावर आलं आणि मी नुसती बघत राहिले. मग शेजारचा मुलगा लिफ्टमध्ये शिरताना 'सेर्वुस' म्हणाला आणि उतरतानाही सेर्वुसच! दोन्हीला चालतं म्हणे, मूळ लॅटिन शब्द, अर्थ सेवक, म्हणजे 'आपल्या सेवेशी हजर' असं काहीसं. ओळखीतच म्हणायचं मात्र, ऑफिसात जाऊन कुणालाही नाही. तुम्ही हे सगळं कसं शिकलात ते लिहा, नवीन येणाऱ्यांना उपयोग होईल.

*

आम्ही हॅम्बुर्गवाले, इथे एकच शब्द, मॉइन. मला आधी वाटलं मॉर्गनचं, म्हणजे सकाळचं, छोटं रूप असेल म्हणून फक्त सकाळीच म्हणायचो, पण रात्री नऊला बस ड्रायव्हर पण मॉइनच म्हणतो. आणि एकदाच म्हणायचं, 'मॉइन मॉइन' म्हटलं की बडबड्या समजतात असं इथले लोक सांगतात.

*

दुपारी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये जो भेटेल तो 'मालत्साइट' म्हणतो, शब्दशः जेवणाची वेळ. माझ्या हातात फाइल, मी जेवायला चाललेच नव्हते, तरी उत्तर तेच द्यायचं, मालत्साइट. संध्याकाळी निघताना 'श्योनन फायरआबेंड', म्हणजे काम संपल्यानंतरची वेळ छान जावो. हा मला फार आवडतो, घरी जाणाऱ्याला कुणीतरी आवर्जून सांगतंय की आता तुझा वेळ तुझा.

*

फोनवर विडरझेएन नाही, आउफ विडरह्योरन. झेएन म्हणजे दिसणं, ह्योरन म्हणजे ऐकणं; फोनवर दिसत नाही ना, ऐकू येतं, म्हणून. आणि डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना सगळ्यांना मिळून एक हालो म्हणाच, अनोळखी असले तरी.

*

माझी आई बाळंतपणाला आली होती डॉर्टमुंडला, तीन महिने. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी जिन्यात भेटायच्या, त्यांना 'मॉर्गन' म्हणायला ती दोन दिवसांत शिकली. निरोपाचा च्युस मात्र तिच्या तोंडी बसेना आणि तिला तो आवडेचना, म्हणाली हे 'जाते' म्हटल्यासारखं तुटक वाटतं, आपण 'येते' म्हणतो तसं काही नाही का यांच्यात? मी म्हटलं आहे की गं, आउफ विडरझेएन, पुन्हा दिसेपर्यंत. मग आठवडाभर पोळ्या लाटताना तेच चालू, आउफ विडर, आउफ विडर, पुढचं झेएन राहून जायचं. निघायच्या दिवशी बॅगा टॅक्सीत ठेवल्या आणि ती परत वर चढून गेली, आजींच्या दारात उभं राहून अख्खं म्हणाली. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला बराच वेळ. बाळ आता चालायला लागलंय, आजी जिन्यात भेटल्या की आधी त्याला हालो म्हणतात आणि मग मला विचारतात, तुझी आई कधी येतेय?