पाच दिवसांच्या गोळ्या आणि आमचा रविवार

प्लेन्सबरोची माई
परवा इथेच कुणी लिहिलं, "पेनकिलर मागणारे निम्मे नाटकी असतात, न्यू जर्सीने व्यसन रोखायला कडक पेनकिलर पाच दिवसांपुरत्याच द्यायचा कायदा केला ते झकास झालं." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

आमच्या ह्यांचा गुडघा बदलला. मंगळवारी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. नियमाप्रमाणे ऑक्सिकोडोन, म्हणजे अफूच्या जातीची कडक पेनकिलर, पाच दिवसांचं. शनिवारी रात्री शेवटची गोळी. रविवारी फोन केला तर ड्यूटीवरचा डॉक्टर म्हणतो, "सोमवारी ऑफिसला विचारा, तोवर टायलेनॉल, साधं पॅरासिटामॉल, द्या." सासरे गेले तेव्हाही ज्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही, तो माणूस संडासातला दांडा धरून लहान पोरासारखा रडत होता. हे नाटक?

काउंटरपलीकडून
नाटकी वगैरे मी म्हणणार नाही. पण माई, कायदा नीट वाचा. तेव्हाच्या गव्हर्नर ख्रिस्टींनी २०१७ मध्ये सही केली तो पाच दिवसांचा नियम फक्त पहिल्या चिठ्ठीला, तेही नव्या दुखण्यासाठी. चौथ्या दिवसानंतर डॉक्टर पुढची चिठ्ठी देऊ शकतो. तुमच्या डॉक्टरने रविवारी कंटाळा केला. खापर कायद्यावर कशाला?

फार्मसीत वीस वर्षं उभी आहे. फ्लोरिडात होते तेव्हा 'पेन क्लिनिक'बाहेर केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग असायची. डॉक्टर आतच ह्याच नशेच्या गोळ्या विकायचा, रोख. २०११ मध्ये राज्याने ते बंद केलं आणि रांग गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रूममेट
रांग गेली, माणसं कुठे गेली ते पाहिलंत का? हेरॉइनकडे, मग चोरट्या बाजारातल्या, त्याहून जालीम फेंटानिलकडे. २०२२ मध्ये देशभर लाखाच्या वर माणसं ओव्हरडोसने गेली, बहुतेक फेंटानिलने. ते कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं? वरातीमागून घोडं.

माझा रूममेट गेला तेव्हा खोलीत आणखी तिघं होते. पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून कुणी ९११ लावला नाही. फोन करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा तेव्हा त्या राज्यात होता. त्या तिघांना माहीतच नव्हता. गोळ्या मोजण्यापेक्षा तो कायदा आणि ओव्हरडोस उतरवणारा नालोक्सोनचा स्प्रे पोरांपर्यंत न्या.

काउंटरपलीकडून
मग काय, सगळं मोकळं सोडायचं? ओरेगनने करून पाहिलं ना. थोडे ड्रग जवळ बाळगणं गुन्हा नाही म्हणून २०२० मध्ये मतदान, २०२४ मध्ये घूमजाव.

रूममेट
आलंच ओरेगन! तुरुंगाची शिक्षा काढली, पण उपचाराची सोय वेळेवर उभी केली नाही, ते सोयीस्कर विसरायचं.

लातूरचा धाकटा
तुमचं चालू द्या. पण पाच दिवस कमी पडले हे वाचून हसू आलं, माफ करा.

२०१९. वडिलांना तोंडाचा कॅन्सर. जिल्ह्याच्या गावात एकाही मेडिकलमध्ये मॉर्फिन नाही. ज्या दवाखान्यात होतो त्यांच्याकडे मान्यता नाही, "कागदपत्रांचं लफडं कोण करणार" म्हणाले. थोरला भाऊ रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जायचा, औषध घेऊन दुसऱ्या रात्री परत. मधल्या दिवशी वडील उशी चावायचे. उशीचा तो कोपरा आईने अजून फेकलेला नाही.

आणि मॉर्फिन ज्यातून निघतं ती अफू पिकते कुठे? नीमच, मंदसौर, चित्तोडगडला, सरकारी परवान्याने. अफूतून मॉर्फिनसारखी अल्कलॉइडं काढणारा सरकारी कारखानाही नीमचलाच.

काउंटरपलीकडून
वाईट वाटलं. पण हा धागा अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांवर आहे. शिवाय इथे कॅन्सरला पाच दिवसांची अट नाहीच.

लातूरचा धाकटा
मॅडम, विषय तोच आहे. व्यसनाच्या भीतीने केलेला कायदा दुखणाऱ्यावर पडतो. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे भारताचा अमली पदार्थांचा कायदा, आला आणि प्रत्येक राज्याने मॉर्फिनसाठी आपापले परवाने काढले. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. दुकानदारांनी ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन देशभर एकच नियम झाला, पण दुकानदाराची भीती काही त्या दुरुस्तीने गेली नाही. पलीकडे ट्रामाडॉल, नशेलाही वापरली जाणारी पेनकिलर, एनडीपीएसखाली यायला २०१८ उजाडलं. व्यसनी माणसाला सगळं मिळत होतं, माझ्या बापाला नाही.

एडिसन_अण्णा
इथे टॅक्स आम्ही भरतो, आणि लातूरचं रडगाणं आम्ही ऐकायचं?

प्लेन्सबरोची माई
अण्णा, जीभ आवरा. त्यांच्या वडिलांबद्दल बोलताय. धाकटे भाऊ, तुमच्यापुढे माझा एक रविवार काहीच नाही, मान्य. तरी तो रविवार होता.

काउंटरपलीकडून
अण्णांना अनुमोदन नाही, नोंद घ्यावी. आणि हो, शुक्रवारी गोळ्या मोजून पुढची चिठ्ठी लिहून ठेवायची सक्ती डॉक्टरवर असायला हवी होती, एवढं देते तुम्हाला. आता खरं सांगा माई. सोमवारी दुसरी चिठ्ठी मिळाली असेलच. किती गोळ्यांची?

प्लेन्सबरोची माई
अठ्ठावीस.

काउंटरपलीकडून
उरल्या किती?

प्लेन्सबरोची माई
एकोणीस. बाथरूमच्या कपाटात, व्हिक्सच्या मागे.

काउंटरपलीकडून
आणि सुट्टीत नातू येतो ना तुमचा, कॉलेजातला?

प्लेन्सबरोची माई
येतो.

पोलीस ठाण्यातल्या उरलेल्या औषधांच्या पेटीत टाकून येते उद्या. पण त्या डॉक्टरला माझ्याकडून दिवाळीचा फराळ बंद.