तातडीने मदत हवी: रविवारी अथणीला जायचंय, दोन डोस झालेत तरी आरटीपीसीआर लागते का?

बेदाणा | बुध, ०४/०८/२०२१, २२:१४
रविवारी सांगलीहून कर्नाटकात अथणीला जायचं आहे. कोरोना लशीचे दोन्ही डोस झालेत, सर्टिफिकेट मोबाइलमध्ये आहे. कोण म्हणतं सोडतात, कोण म्हणतं परत लावून देतात. पेपरात रोज वेगळंच. हेल्पलाइनला फोन लावला तर आधी कन्नड, मग इंग्रजी, मग नुसतं टूंऽऽ. गेल्या दोन-चार दिवसांत म्हैसाळ-कागवाड नाक्यावरून कोण गेलं असेल त्यांनीच सांगा. ऐकीव नको. जरा लवकर.

हायवेवाला | बुध, २२:३१
आधी ई-पास काढलाय का? नसेल तर पोलिसांच्या साइटवर लगेच अर्ज टाका. फोटो २०० केबीच्या वर गेला तर घेत नाही, तेवढं बघा. कारणात 'वैद्यकीय' लिहायचं, पटकन मिळतो. गेल्या वर्षी आमच्या अख्ख्या गल्लीचे पास मीच काढून दिलेत.

नियमवाचक | बुध, २२:५८
@हायवेवाला, तो पास आपल्याच राज्यात जिल्हा ओलांडायला होता. गेल्या वर्षी २ सप्टेंबरला बंद झाला, यंदा एप्रिलमध्ये परत आणला आणि ७ जूनपासून फक्त निर्बंधांच्या पाचव्या, म्हणजे सगळ्यात कडक स्तरातल्या जिल्ह्यांपुरता उरला. सांगली तिसऱ्या स्तरात आहे. आणि कर्नाटकाच्या नाक्यावर महाराष्ट्र पोलिसांचा पास दाखवून काय होणार?

@बेदाणा, कर्नाटकाने २८ जूनला 'निदान एक डोस झाला असेल तरी चालेल' असं म्हटलं होतं. ते ३१ जुलैच्या आदेशाने गेलं. आता महाराष्ट्र आणि केरळातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट हवाच, डोस कितीही झालेले असोत. 'सोडतात' म्हणणारे जुलैत जाऊन आलेले असणार.

म्हैसाळचा मन्या | गुरु, ०५/०८/२०२१, ०७:१०
काय सांगालाय! मी रोज जातोय की. उगारला कामाला. कोण काय विचारत न्हाई. गाडी स्लो करायची, मास्क नीट वर घ्यायचा, निघायचं. उगं लोकांना घाबरवू नका.

बेदाणा | गुरु, ०७:२५
@मन्या, धन्यवाद, हेच हवं होतं. म्हणजे डायरेक्ट निघतो.

नियमवाचक | गुरु, ०८:०२
थांबा. @मन्या, तुमच्याकडे पंधरा दिवसांतला रिपोर्ट नाही का?

म्हैसाळचा मन्या | गुरु, ०८:४०
हाय की. कंपनीच करती टेस्ट. त्यो पाकिटात असतोय. पण त्याचा काय संबंध?

नियमवाचक | गुरु, ०८:४६
तोच तर संबंध. शिक्षण, नोकरी, धंद्यासाठी रोज ये-जा करणाऱ्यांना १५ दिवसांतून एकदा टेस्टची सवलत आहे. तुमचा चेहरा आणि गाडी त्यांना पाठ. सांगलीहून रविवारी सहकुटुंब येणारी गाडी वेगळी दिसते.

कलम_काका | गुरु, ०९:३०
मुळात ही अडवणूकच बेकायदा आहे. केंद्रीय गृहसचिवांनी २२ ऑगस्ट २०२० रोजी सर्व राज्यांना पत्र लिहून स्पष्ट सांगितलं की राज्यांतर्गत आणि आंतरराज्य प्रवासावर निर्बंध नकोत, वेगळी परवानगी किंवा ई-परमिट नको. घटनेचं कलम १९(१)(ड) वाचा. पत्राची प्रिंट काढा आणि नाक्यावर अधिकाऱ्याच्या हातात द्या.

अथणीची लेक | गुरु, ०९:५२
काका, रविवारी दुपारी उन्हात त्या शिपायाला कलम १९ वाचून दाखवायचं? त्याच्या हातात एक रजिस्टर आणि वरून आलेला मेसेज असतो. तो रिपोर्टवरची सॅम्पल दिल्याची वेळ बघतो, बोटांवर तास मोजतो, संपलं. माझं माहेर अथणी, सासर मिरज. ही बॉर्डर माझ्या घरातनंच जाते म्हणा ना.

@बेदाणा दादा, नुसतं 'जायचंय' म्हणून कसं कळणार? किती जण? कशासाठी? स्वतःची गाडी की एसटी? त्याच दिवशी परत?

कलम_काका | गुरु, १०:१५
वाचून दाखवा असं नाही, पण हक्क माहीत हवेत. मार्च २०२० मध्ये याच कर्नाटकाने केरळच्या सीमेवर रस्त्यांवर मातीचे ढीग टाकले होते. कासरगोडच्या रुग्णांना मंगळूरला जाता येईना. केरळ हायकोर्टाने फटकारलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा तलपाडीचा नाका रुग्णांसाठी उघडला.

पेठकर | गुरु, १०:४४
दुसऱ्या राज्याचं राहू द्या हो. आपल्याकडं काय चाललंय? परवा बावीस जिल्ह्यांना सूट दिली आणि आपण अकरांत. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे सगळे तसेच. मुंबईत दुकानं रात्री दहापर्यंत आणि आमचं शटर चारला खाली. आधी पुरानं गोडाऊनमध्ये पाणी घातलं, सांगलीच्या आयर्विन पुलाला ५४ फुटाच्या वर गेलं होतं, माल वाळवतोय तोवर चार वाजतात. याच्यावर कोण धागा काढत नाही.

कोयनाकाठ | गुरु, ११:२०
अगदी बरोबर बोललात. साताऱ्यातही हीच गत. त्यातून तिसरी लाट येणार म्हणतात. मी रोज सकाळी सुंठ, तुळस आणि काळी मिरी घालून काढा घेतो. शिवाय कोविशील्डच्या दोन डोसांत आता ८४ दिवसांचं अंतर लागतं, हे पुष्कळांना ठाऊक नाही. प्रमाणपत्रावर नाव चुकलं असेल तर कोविन पोर्टलवर दुरुस्तीची सोय आहे. कोणाला अडचण आली तर विचारा.

बेदाणा | गुरु, १३:०५
काढा, पूर, दुकानं... माझा प्रश्न कुठं गेला?
स्वतःची गाडी. मी, मंडळी आणि मुलगा. माझे दोन डोस, मंडळींचा एक. सासऱ्यांना इकडं आणायचंय, त्याच दिवशी परत.

अथणीची लेक | गुरु, १३:११
मुलगा केवढा?

बेदाणा | गुरु, १३:१४
नऊ वर्षांचा. त्याचं काय? लहान मुलांना कोण विचारतंय.

अथणीची लेक | गुरु, १३:२२
विचारतात. सूट फक्त दोन वर्षांच्या आतल्या बाळाला. म्हणजे नऊ वर्षांच्या पोराच्या नाकातही काडी घालायला लागणार. तिघांची टेस्ट धरा. रॅपिड अँटिजेन चालत नाही, आरटीपीसीआरच पाहिजे. खासगी लॅबचा सरकारी दर सेंटरवर जाऊन दिली तर ५००, घरी बोलावलं तर ८००. एका लॅबनं आमच्याकडून 'अर्जंट' म्हणून जास्त उकळले होते, तेव्हा पावती आधी मागा.

रानवाट | गुरु, १४:०१
एवढे पैसे घालवायची गरजच नाही. शेतातनं रस्ते काय कमी आहेत? उघड लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नियमवाचक | गुरु, १४:१०
करू नका. मागच्या महिन्याच्या पुरानंतर आतल्या कच्च्या रस्त्यांवर अजून गाळ आहे. आणि पलीकडच्या गावातल्या लोकांनीच अडवलं तर नाक्यावरच्यापेक्षा जास्त शोभा होईल.

रानवाट | गुरु, १४:१५
तुम्ही फक्त आदेश वाचा.

नियमवाचक | गुरु, १४:३०
वाचतो म्हणून येतानाचंही सांगतो, कारण इथं सगळे जातानाचंच भांडताहेत. दोन्ही राज्यांची मापं वेगळी आहेत. महाराष्ट्रात यायचं तर दोन्ही डोस आणि दुसऱ्या डोसला १५ दिवस झालेले असले की टेस्ट लागत नाही. हे जुलैच्या मध्यात झालं. बाकीच्यांना आरटीपीसीआर, तिची मुदतही तेव्हाच ४८ वरून ७२ तास केली. त्यामुळे बेदाणा येताना मोकळे, मंडळी नाहीत. तोच रिपोर्ट ७२ तासांच्या आत परत आलात तर चालून जाईल. सॅम्पल शनिवारी सकाळी द्या.

शिवाय सासऱ्यांचं काय? त्यांचे डोस?

बेदाणा | गुरु, १९:४०
दोन्ही झालेत. दुसरा २६ जुलैला.

अथणीची लेक | गुरु, १९:५१
मग रविवारी तेरा दिवस होतात. दोन दिवसांनी हुकलं. इकडं कशासाठी आणताय ते अजून सांगितलं नाहीत.

बेदाणा | गुरु, २०:०२
मोतीबिंदू. मिरजेत सोमवारी ऑपरेशन आहे. मला वाटलं लिहिलंय.

म्हैसाळचा मन्या | गुरु, २०:०९
आत्ता कळलं होय! हे पयलं सांगायचं की राव. मिरजेला पेशंट घिऊन येणाऱ्या गाड्या रोज बघतोय मी. फाइल दाखवत्यात नि येत्यात.

अथणीची लेक | गुरु, २०:२५
दादा, मग तुम्ही जाताच कशाला? ऑपरेशनच्या आधी बहुतेक दवाखाने टेस्ट मागतातच. डॉक्टरांना विचारून घ्या, लागत असेल तर सासऱ्यांनी अथणीतच सरकारी दवाखान्यात शनिवारी सॅम्पल द्यायचं. तोच कागद बॉर्डरला आणि तोच दवाखान्यात. मेहुणे आहेत का तिकडं? ते त्यांना कागवाडच्या बाजूनं आणतील, तुम्ही म्हैसाळच्या बाजूला थांबा. सासरे तेवढे चालत इकडं येतील. तुमच्यातलं कोणी तिकडं जात नाही, मेहुणे इकडं येत नाहीत, म्हणजे दोघांनाही टेस्ट नाही. आम्ही अख्ख्या उन्हाळ्यात आंबे-पापड असेच देवघेव केले.

कलम_काका | गुरु, २०:४०
स्वतःच्या देशात म्हाताऱ्या माणसाला सीमेवर चालत यायला लावणं! बेळगाव, निपाणी आपल्याकडे असती तर ही वेळच आली नसती. १९५६ पासून...

संपादक | गुरु, २०:४३
सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत. इथे नको. खालचे सात प्रतिसाद उडवले आहेत.

बेदाणा | गुरु, २१:१५
मेहुणा आहे. पण मंडळींना माहेरी जायचंच आहे, वर्ष झालं गेली नाही. मुलालाही आजीला भेटायचंय. त्यांना काय सांगू? तिघांची टेस्ट करून जाऊनच येतो.

नियमवाचक | शुक्र, ०६/०८/२०२१, २१:२०
@बेदाणा, सॅम्पल दिलं नसेल तर देऊ नका. कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी आज जाहीर केलंय: महाराष्ट्र-केरळच्या सीमेवरच्या आठ जिल्ह्यांत वीकेंड कर्फ्यू, शुक्रवारी रात्री ९ ते सोमवारी पहाटे ५. बेळगाव जिल्हा त्यात आहे, म्हणजे अथणी आलीच. म्हणजे तुमच्या प्रश्नाला गुरुवारी दिलेलं उत्तर आत्ता वीस मिनिटांपूर्वी जुनं झालं.

पेठकर | शुक्र, २१:३३
बघा, त्यांनी एका दिवसात ठरवलं. आपल्याकडं चार वाजताचं शटर उघडायला समिती बसते.

हायवेवाला | शुक्र, २१:४०
म्हणून मी म्हणत होतो, ई-पास काढून ठेवलेला बरा.

अथणीची लेक | शुक्र, २१:४८
कर्फ्यूत पेशंट आणि त्याच्याबरोबरच्या माणसाला कागद दाखवून सोडतात. डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख लिहिलेली चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर मागवा आणि मेहुण्याला पाठवा, तो प्रिंट काढून ठेवेल. वहिनींची भेट पुढं ढकला. मी बोलू का त्यांच्याशी? माहेरचं दुःख मला कळतं, शिव्या मला बसू देत.

बेदाणा | शनि, ०७/०८/२०२१, १४:१२
डॉक्टर म्हणाले टेस्ट लागतेच. सासऱ्यांनी सकाळी सॅम्पल दिलं. चिठ्ठी पाठवली. मंडळी बोलत नाहीत.

बेदाणा | रवि, ०८/०८/२०२१, १८:३७
आणलं. मेहुण्याला वाटेत दोनदा थांबवलं, दोन्हीकडं चिठ्ठी बघून सोडलं. सासरे एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला रिपोर्ट धरून चालत आले. आपल्या बाजूच्या माणसानं रिपोर्टवरचं नाव आधारशी ताडून बघितलं, वहीत गाडी नंबर लिहिला, बास. मंडळी गाडीतून उतरून भावाशी लांबूनच बोलली. मुलगा ओरडून ओरडून बोलत होता. अथणीच्या ताई, आभार. नियमवाचक, तुमचेही.

कोयनाकाठ | रवि, १९:०५
छान झालं. ऑपरेशननंतर डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. आणि त्यांना परत सोडताना काय करणार? तेव्हा तर कर्नाटकात जायचंय.

नियमवाचक | रवि, १९:२२
ते कर्नाटकात शिरताना पुन्हा ३१ जुलैचाच नियम. आताचा रिपोर्ट मंगळवारी सकाळी संपेल, तोवर ते निघणार नाहीत. उपचार किंवा घरात कोणी वारलं असेल तर नाक्यावरच स्वॅब देऊन सोडायची सवलत आहे, नाव-पत्ता-फोन नंबर आणि ओळखपत्र लागेल. डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा. आणि शनिवार-रविवार टाळा, तो कर्फ्यू अजून आहे.